बाविसावं पाऊल

हंबीर चौगुलेच्या डाव्या पोटरीवरचा पट्टा रोज सकाळी साडेसहाला एकदा हलकेच थरथरायचा आणि आदल्या दिवसाचा आकडा त्याच्या बायकोच्या, शीतलच्या, फोनवर यायचा. त्या दिवशी तिनं चहा गाळता गाळता फोन बघितला आणि हंबीरच्या कपात साखर जरा जास्तच घातली. उंबऱ्यात चपला काढणाऱ्या सर्जेराव खोताला तेवढ्यावरून काय ते कळलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"एक्केचाळीस," शीतल म्हणाली. "काल बेचाळीस होता."

"पट्टाच बाद हाय त्यो," हंबीर आतून म्हणाला. "मी वाघागत चालतोय आणि ह्यो एक्केचाळीस दाखवतोय."

"वाघ लंगडत न्हाई मर्दा," सर्जेराव म्हणाला आणि तिघंही हसले. सर्जेरावचं हसू मात्र कपाच्या काठाशीच संपलं.

आकडा साठ हवा होता. परतीचा कायदा आला त्याला चार वर्षं झाली होती. त्याआधी जखमी कामगाराला एक फॉर्म भरून द्यावा लागायचा. 'कामावर परतण्याचा आत्मविश्वास वाटतो का?' या प्रश्नापुढं सगळे 'पूर्ण' असं लिहायचे, कारण दुसरं काही लिहून चालणारं नव्हतं. मग आठवड्याभरात कुणी यंत्रापुढं गोठून उभा राहायचा, कुणी पुन्हा जखमी व्हायचा. म्हणून शेवटी तज्ज्ञांनी माणसाला विचारणं सोडलं आणि त्याच्या अंगालाच विचारायला सुरुवात केली. पाऊल टाकायचं ठरलं, की मेंदूचा हुकूम विजेच्या लहरीसारखा पोटरीच्या स्नायूत उतरतो आणि पाऊल उठतं. अंगात भीती असली की हुकूम येतो, माघारी फिरतो, पुन्हा येतो. हा खोळंबा पापणी लवण्याहूनही लहान असतो, ज्याचा त्याला कळत नाही, पण पट्ट्याला कळतो. त्याला नाव पडलं 'थबक'. दिवसभरातल्या थबकींवरून जो आकडा निघतो तो विश्वासांक. तीन आठवडे सरावाचे, चौथा मोजणीचा. त्या आठवड्यात साठ आले नाहीत तर भट्टीवरचं काम कायमचं बंद.

हंबीरला मग वाळू चाळायच्या शेडमध्ये बसवणार होते. तिथं जिवाला धोका नव्हता आणि घरचं काही अडणारही नव्हतं. तरी त्या शेडचं नाव निघालं की हंबीर विषय बदलायचा. अकरा वर्षं त्यानं आणि सर्जेरावनं वितळलेलं लोखंड वाहिलं होतं. शिरोलीच्या मोठ्या फाउंड्र्यांमध्ये हे काम कधीच यंत्रांच्या हातात गेलं होतं, पण यांचा कारखाना जुन्या यंत्रांचे सुटे भाग ओतून द्यायचा. एक नग इथं, दोन नग तिथं. यंत्राला प्रत्येक नगासाठी नव्यानं शिकवत बसण्यापेक्षा दोन माणसं बरी पडायची. लांब दांड्याच्या मध्यभागी कढईएवढं भांडं, त्याला लॅडल म्हणतात, त्यात भट्टीतलं धगधगतं मेटल. पुढचा दांडा धरून हंबीर चालायचा, मागच्या दुहेरी दांड्याला सर्जेराव. हे निघाले की सगळी शेड बाजूला सरायची. मालकसुद्धा फोन खिशात टाकून भिंतीला लागायचा.

चहा झाला आणि दोघं रोजच्यासारखे पाटाच्या कडेनं फिरायला निघाले. पायवाट एका माणसापुरती, दोन्हीकडं ऊस. हंबीर पुढं, सर्जेराव मागं. असं चालायचं कुणी ठरवलं नव्हतं, ती अकरा वर्षांची सवय होती. दारात उभी राहून शीतल सर्जेरावला हळूच म्हणाली, "भावजी, एकटे असले की चांगले चालतात हो हे. परवा देवळाला गेले तर मी खिडकीतनं बघत होते. आकडाच कसा येत नाही?"

"येईल, वहिनी," सर्जेराव म्हणाला.

तो आठ महिने असाच येत होता. हंबीर दवाखान्यात होता तेव्हा डबा घेऊन, घरी आल्यावर आधार द्यायला, आता फिरवायला. गाव म्हणायचं, दोस्त असावा तर असा. ते ऐकलं की सर्जेरावला घाम फुटायचा.

अपघाताच्या दिवशी काय झालं ते चौकशीच्या कागदावर एका ओळीत होतं. हंबीरनं सांगितलं, पाय घसरला. सर्जेरावनं सांगितलं, घसरला. कागद मिटला. खरी गोष्ट अशी होती की भट्टीपासून बाविसाव्या पावलावर कुणीतरी पाण्याची नळी आडवी टाकून ठेवली होती. हंबीरला ती दिसली आणि तो थांबला. सर्जेराव थांबला नाही. त्याचं लक्ष नव्हतं. लॅडल पुढं गेलं, कललं, आणि काठावरचं मेटल हंबीरच्या डाव्या बुटात उतरलं.

लक्ष कुठं होतं हे सर्जेरावला आजही आठवत नव्हतं. हाक आली असती, फोन वाजला असता, घरची काळजी असती, तर त्याला कशाला तरी दोष देता आला असता. तसं काहीच नव्हतं. त्याचे पाय चालत होते, हात धरून होते आणि तो स्वतः तिथं नव्हता, एवढंच. ते रिकामं निमिष तो आठ महिने शोधत होता.

त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढच्यानं थांबायच्या आधी टाच दोनदा आपटायची, मागच्यानं नजर त्या टाचेवरून हलवायची नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी ते इमानानं पाळलं. मग एकमेकांची चाल अशी अंगात भिनली की टाच आपटणं पोरकट वाटायला लागलं. नवे गडी टाचा आपटत जायचे आणि हे दोघं मुक्यानं चालायचे. पुढचा कधी थांबणार हे मागच्याला आपोआप कळायचं. लोक कौतुकानं बघायचे आणि त्यांनाही त्याचा अभिमान होता.

पाटावरून परतताना हंबीर विहिरीच्या कठड्यावर टेकला. पोटरीवरची कातडी अजून नव्या भांड्यासारखी चकाकत होती. "सोमवारपासून मोजणी," तो म्हणाला. "एक्केचाळीसचं साठ कसं करायचं, सांग."

सर्जेरावनं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "पट्टा मला दे."

"काय?"

"आठवडाभर मी घालतो. माझं पाय धडधाकट हैत. त्या पट्ट्याला काय कळतंय कुणाचा पाय हाय त्यो."

हंबीर हसला. "शाळंत तुझी हजेरी मी लावायचो, आता तू माझी लाव म्हंजे फिटलं." पण हसता हसता त्याचा हात पट्ट्याच्या कडीकडं गेला होता. शीतलला त्यांनी काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी सर्जेरावनं पट्टा पँटच्या आत बांधला. घरातल्या घरात फिरून काय आकडा येणार, अंगावर काम घेतलं तर दणदणीत येईल, असा त्याचा हिशोब होता. म्हणून तो पट्टा तसाच घेऊन कामावर गेला. हंबीरच्या जागी आता इरफान मुजावर चालायचा, पस्तिशीचा, अंगानं सडपातळ आणि चालायला चांगला. त्या दिवशी चौदा लॅडल झाली. प्रत्येक वेळी बाविसाव्या पावलाशी सर्जेरावला जमिनीवर तो डाग दिसायचा. लोखंडाचे थेंब फरशीत रुतून बसले होते. छिन्नीनं खरवडले तरी काळे ठिपके राहिलेच होते. त्याला वाटायचं, आता टाच वाजेल. आणि लगेच वाटायचं, आपल्याला ती दिसणार नाही.

"सर्जादा," इरफान दुपारी जेवताना म्हणाला, "तिथं मधी लॅडल मागं ओढल्यागत होतंय जरा. तुम्ही ओढताय काय?"

"न्हाई. वजन हलतंय," सर्जेराव म्हणाला आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच ठेवला.

मंगळवारी सकाळी तो हंबीरच्या दारात पोचला तेव्हा शीतल फोन हातात धरून पायरीवर बसली होती. चहा ठेवलाच नव्हता.

"एकोणीस," ती म्हणाली. "असं कसं हो झालं, भावजी? काल तर हे घरातनं बाहेरही पडले नाहीत."

हंबीर तिच्या मागं चौकटीला धरून उभा होता. तो सर्जेरावकडं बघत होता आणि सर्जेराव स्वतःच्या धडधाकट पायांकडं.

बुधवारी विश्वासांक मोजणाऱ्या केंद्रातून बोलावणं आलं, दोघांनाही.

केंद्राच्या तपासनीस तेजश्री वाघमोडे पन्नाशीच्या, मूळच्या सांगलीच्या. बोलणं कमी आणि टेबलावर वेलदोड्यांची डबी. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि वेळ न घालवता सर्जेरावला म्हणाल्या, "पँट जरा वर घ्या. डावा पाय."

सर्जेरावनं पँट वर घेतली. पट्टा त्यानं आदल्या दिवशीच काढून दिला होता, पण पोटरीवर त्याचा लाल वळ अजून होता.

"चालीला ओळख असते," मॅडम म्हणाल्या, "अंगठ्याच्या ठशासारखी. शिवाय पट्ट्याला उष्णताही कळते. हंबीररावांनी अजून कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, आणि सोमवारी हा पट्टा दिवसभर भट्टीपाशी फिरत होता, म्हणजे त्यांच्या जोडीदाराच्याच पायावर. एवढी घोडचूक करणारे तुम्ही पहिलेच."

"माझी आयडिया, मॅडम," सर्जेराव म्हणाला. "त्याचं नुकसान करू नका."

"ते बघू. मला तुमच्याबद्दल बोलायचंय." त्यांनी पडदा त्याच्याकडं वळवला. त्यावर एक रेघ होती, सपाट, आणि ठराविक अंतरानं खोल खड्डे. "नऊशेच्या वर माणसं मी मोजली. हात गेलेले, डोळा गेलेले. इतकी खोल थबक मी बघितली नाही, आणि ती एका निरोगी पायाची आहे. प्रत्येक फेरीत एकाच जागी. भट्टीपासून बावीस पावलांवर. तिथं काय आहे?"

सर्जेरावनं पँट खाली ओढून घेतली. हंबीर खिडकीबाहेर बघत होता.

"तुम्ही जखमी झाला नाहीत, म्हणून तुम्हाला कुणी मोजलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासाठी माझ्याकडं फॉर्मच नाही. पण असा पाय घेऊन तुम्ही आठ महिने मेटल वाहताय. तुमच्या पुढं चालणाऱ्याला हे माहीत आहे का?"

तेव्हा सर्जेराव बोलला. खाली मान घालून, फरशीला सांगितल्यासारखं. "घसरला न्हाई त्यो. त्यो थांबला हुता. मी थांबलो न्हाई. माझं ध्यान न्हवतं. पाय त्याचा गेला आणि कागदावर मी लिवलं, घसरला." हंबीरकडं न बघता तो पुढं म्हणाला, "आठ महिनं त्याच्या घरात चहा पितोय मी."

सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"म्हाईत हाय," हंबीर म्हणाला.

सर्जेरावनं वर बघितलं.

"दांड्याला कळतंय सगळं," हंबीर म्हणाला. "पुढच्याच्या पाठीला डोळं नसत्यात, पण तळहाताला असत्यात. तुझं ध्यान हाय का न्हाई ते मला रोज कळायचं. कैक वेळा नसायचं. माझं तरी कुठं असायचं? त्या दिवशी टाच आपटली असती तर तू थांबला असतास. मी आपटली न्हाई. मग मी काय सांगणार चौकशीत?"

"मला का न्हाई बोललास?"

"काय बोलायचं त्यात? माझ्या मनात तुझ्याबद्दल काय बी न्हाई, सर्जा. आंबाबाईची शपथ."

डबीतला एक वेलदोडा वाघमोडे मॅडमनी हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. मग पडद्यावर दुसरी रेघ आणली.

"हे हंबीररावांचे सरावाचे तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "घरी फोनवर फक्त दिवसाची सरासरी जाते, ही रेघ आमच्याकडेच दिसते. सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होते. हा दिवसाचा बाकीचा वेळ. घरात, अंगणात, देवळाच्या रस्त्यावर, एकटे. इथं विश्वासांक अडुसष्ट आहे. साठाच्या वर. ते कधीच पास झालेले आहेत." त्यांचं बोट सरकलं. "आणि हा सकाळचा तास, रोज पावणेसात ते पावणेआठ. इथं तो येतो सव्वीसवर. खाली खेचतो तो हा तास, कारण दिवसातली निम्म्याहून जास्त पावलं याच तासात पडतात. या वेळेला काय असतं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. हंबीरचा चेहरा लालबुंद झाला, चोरी पकडल्यासारखा. "खोटं हाय हे," तो म्हणाला. "मॅडम, यंत्र चुकतंय. मी सांगितलं न्हवं, माझ्या मनात काय बी न्हाई."

"मनात नसेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पायात आहे."

सर्जेरावला पाटाची पायवाट आठवली. दोन्हीकडं ऊस, पुढं हंबीरची पाठ. रोज सकाळी तो त्या पाठीमागं चालत होता, याला बरं करायचं म्हणून. आणि त्याच्या स्वतःच्या प्रत्येक पावलाच्या आवाजानं पुढच्या पायातला हुकूम माघारी फिरत होता. शीतलनं दारात उभं राहून सांगितलं होतं, एकटे असले की चांगले चालतात. ते त्यानं ऐकून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य काट्यासारखं आत शिरलं.

मॅडमनी मग कामाचं सांगितलं. पट्टा दुसऱ्यानं घातला हे त्यांनी वर कळवलं तर प्रकरण रद्द होणार होतं. त्या कळवणार नव्हत्या. पट्ट्यात पाणी गेलं म्हणून मोजणी बाद, असं त्या लिहिणार होत्या. अशा वेळी नियमात एकच सोय होती. केंद्रात, त्यांच्या समोर, एकदाच चालायचं. काम जोडीचं म्हणून चाचणीही जोडीनं. साठ आले तर परत, नाही आले तर वाळूची शेड.

"सोमवारी या," त्या म्हणाल्या. "मागं कोण असावं हे तुम्ही ठरवायचं. माझा सल्ला विचाराल तर इरफान मुजावरांना आणा."

"इरफानला सांगतो मी," सर्जेराव लगेच म्हणाला. "चांगला गडी हाय." हंबीर तोवर उठून दाराशी गेला होता.

बाहेर पडल्यावर स्टँडपर्यंत चालत जायचं होतं. हंबीर दोन पावलं गेला आणि सर्जेराव जागीच उभा राहिला. मागं चालावं तर आता ते जमणार नव्हतं. पुढं जावं तर ते कधी केलं नव्हतं. बाजूनं चालायला रस्ता मोठा होता, तरी त्याला आपले पाय कुठं टाकावेत ते सुचेना. शेवटी तो रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागला. हंबीरनं एकदा तिकडं बघितलं. स्टँड येईपर्यंत दोघं असेच चालले, मधून गाड्या जात होत्या.

गुरुवार ते रविवार सर्जेराव चहाला गेला नाही. शीतलनं दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. कामावर त्यानं बरं नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता दाराची कडी वाजली. हंबीर उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून.

"चल," तो म्हणाला.

"कुठं? इरफान..."

"इरफान येणार न्हाई. तुझा निरोप मिळाला त्याला, पण मी नको म्हटलं."

"येडा हैस का तू? एकदाच हाय चाचणी. त्याच्यासंगं साठ येतील. पडद्यावर बघितलं न्हवं?"

"येतील की. मी परत जाईन, इरफान माझ्या मागं येईल. आणि तू?" हंबीर उंबऱ्यावर बसला. डावा पाय त्यानं लांब केला. "तू दुसऱ्या कुणाच्या तरी मागं चालणार आणि रोज बावीस पावलावर अडखळणार. एक दिवस त्याचा पाय जाईल. मग तू त्याच्या घरी चहा प्यायला जाशील. मला न्हाई बघायचं ते."

"मी सोडतो की भट्टी."

"सोड. पण मग ह्ये असंच राहील माझ्या पायात. तोंडानं मी तुला भाऊ म्हणणार आणि पाय मला खोटं पाडणार. लई घाण वाटलं मला त्या दिवशी, सर्जा. माझाच पाय, आणि मला इचारल्याबिगर त्यानं तुझ्यावर आळ घेतला." तो उठला. "मिस्त्रीनं शिकवलं तसं चालू. टाच आपटून. बघू पाय काय म्हणतोय."

केंद्राच्या मागच्या बाजूला मोठी शेड होती. जमिनीवर वाळू, वरून उष्ण हवेचा झोत, तीस पावलांची वाट. लॅडल खरंच होतं. त्यात मेटलऐवजी काठोकाठ गरम पाणी, आणि तळाशी असा दिवा की पाणी लाल दिसावं. वाघमोडे मॅडमनी सर्जेरावला बघितलं, मग हंबीरला. "विचार केलाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं. "आधी एक फेरी सरावाची. तिची नोंद होत नाही."

"सरावाला ह्यो पुढं हुईल," हंबीर म्हणाला. "मी मागं."

सर्जेरावनं पुढचा दांडा धरला. इतक्या वर्षांत तो कधी इथं उभा राहिला नव्हता. पहिल्या पावलालाच त्याला कळलं की पुढच्याला मागचं काहीच दिसत नाही. समोर रिकामी वाट असते आणि पाठीशी दुसऱ्या माणसाच्या हातात कढत ऊब. मागं हंबीरचा श्वास ऐकू येत होता. ज्याचा पाय आपण जाळला त्याच्याकडं पाठ करून आपण चाललोय, हे त्याच्या मनात आलं. तो पावलं मोजत राहिला. बाविसाव्याला त्यानं टाच दोनदा आपटली आणि डोळे मिटले. पाठीला काहीच लागलं नाही. एक थेंबही सांडला नाही.

"समजलं?" मागून हंबीर म्हणाला.

"व्हय," सर्जेराव म्हणाला. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "एवढं असतंय हे मला म्हाईत न्हवतं."

मग जागा बदलल्या. मॅडमनी हंबीरच्या पोटरीवर, चकाकणाऱ्या कातडीच्या जरा वर, पट्टा बांधला आणि पडदा स्वतःकडं वळवून घेतला. "तुम्हाला हवं तिथं थांबा," त्या म्हणाल्या. "एकदा थांबायचं, पुन्हा निघायचं. कुठं, ते मलाही सांगू नका."

सर्जेरावनं दुहेरी दांडा धरला. दोघांनी उचललं आणि हंबीर निघाला.

सर्जेराव हंबीरच्या अनवाणी टाचेकडं बघत होता. नुसतं बघत नव्हता, तिच्यावरची प्रत्येक रेघ त्याला दिसत होती. कातडी जोडली तिथली शिवण, घोट्यापाशी उरलेला काळा ठिपका, उजवीपेक्षा डावी टाच जरा आत वळून पडते ते. अकरा वर्षं तो या माणसाच्या मागं चालला होता आणि बुटाबाहेरच्या त्याच्या टाचा त्यानं आज पहिल्यांदा अशा बघितल्या. आठ, नऊ, दहा. टाच जरा जास्तच वेळ वर राहत होती. त्याला पट्ट्याची गरज नव्हती, थबक त्याला डोळ्यांनी दिसत होती. अकरा, बारा. आपल्याला भिऊन राहिलेला पाय आपल्याच डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा जमिनीवर टेकतोय, हे त्याला दिसत होतं. पण त्यानं पापणी हलवली नाही. सतरा, अठरा. थबक कमी झाली असं त्याला वाटलं. वीस. पुन्हा वाढली. हंबीरच्या मानेवर घामाची धार उतरत होती.

बाविसाव्या पावलाला हंबीरची डावी टाच वर गेली आणि वरच राहिली.

लाल पाणी काठाशी थरथरत होतं. हुकूम आला असेल, माघारी फिरला असेल, पुन्हा येत असेल. त्याचा काय तो आकडा पडद्यावर उमटतच असणार, साठाच्या वर किंवा खाली. सर्जेरावला तो आकडा नको होता. त्याच्या पुढं ती एक भाजलेली टाच होती, हवेत धरलेली. ती दोनदा आपटून म्हणणार होती की मी थांबतोय, माझ्या मागं तू आहेस ना? की भ्यालेला पाय या वेळीही न सांगताच थांबणार होता, त्या दिवशीसारखा?